ट्रॉली नीट बंद करायचं काम: प्रकल्प नोंदी, भोसरी

३ जून २०२५, मंगळवार

आज ट्रॉली भिंतीला लागली. फार जोरात नाही, पुढचा पत्रा वाकला आणि वरच्या क्रेटमधले चार बुश खाली पडले, पण लागली. आणि चालवताना नाही, बंद करताना लागली, तेच मला जास्त टोचतंय.

नंतर कोणी नवीन पोरं येतील त्यांच्यासाठी थोडं लिहून ठेवतो. भोसरीच्या शेडमधे आम्ही मशीन शॉपमधून असेंब्लीकडे पार्टचे क्रेट नेणारी ट्रॉली बनवतोय. दोन मोटरची चाकं, दोन कॅस्टर, पुढे लायडर (लेझरने आजूबाजूचं अंतर मोजणारा सेन्सर), २४ व्होल्टची बॅटरी, आत मिनी पीसी, त्यावर उबंटू २२.०४ आणि रॉस टू हंबल, म्हणजे रोबोट चालवायचं सॉफ्टवेअर; त्यातल्या एकेका कामाच्या छोट्या प्रोग्रामला नोड म्हणतात. हंबल मे २०२२ मधे आलं, सपोर्ट मे २०२७ पर्यंत आहे, म्हणून तेच धरलं. जुलैच्या सुरुवातीला चाकणला एका कारखान्यात दाखवायचीय.

झालं असं की ०.६ मीटर पर सेकंदने टेस्ट चालू होती, ट्रॉली रस्ता सोडायला लागली म्हणून मी नेहमीसारखं कंट्रोल-सी (चालू प्रोग्राम थांबवायची कीबोर्डवरची खूण) दाबलं. स्क्रीनवर सगळे नोड बंद झाल्याचं आलं, प्रॉम्प्ट परत आला, आणि ट्रॉली मात्र चालतच राहिली. लेथवरचे मामा जवळ होते, त्यांनी धावत जाऊन लाल बटण दाबलं, तोवर पत्रा वाकला होता.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. मोटरच्या बोर्डला शेवटचा जो स्पीड सांगितला असेल तोच तो धरून बसतो. आमचा नोड गेला, जाताना शून्य सांगून गेलाच नाही. आजपर्यंत हे दिसलं नाही कारण आपण कंट्रोल-सी सहसा ट्रॉली उभी असतानाच दाबतो.

बोर्डच्या सेटिंगमधे सिरियल वॉचडॉग म्हणून एक पॅरामीटर आहे, अमुक वेळ कमांड आली नाही तर थांब असं सांगणारा, तो शून्यावर म्हणजे बंद होता. उद्या पहिलं काम तेच.

५ जून, गुरुवार

गुरुवार, त्यामुळे सकाळी लाईट गेली, सव्वा दहाला. ट्रॉली बॅटरीवर असल्यामुळे तिला फरक पडत नाही असं धरून टेस्ट चालूच ठेवली होती, पण वायफायचा राऊटर लाईटवर आहे ना. राऊटर गेला, माझं एसएसएच सेशन (वायफायवरून ट्रॉलीच्या पीसीवर उघडलेलं टर्मिनल) जागच्या जागी गोठलं, आणि ट्रॉली आपली दिलेल्या पॉईंटकडे निघालेली, कारण नॅव्हिगेशन सगळं तिच्याच आत चालतं. मी कंट्रोल-सी दाबतोय ते कुठेच पोचत नव्हतं. यावेळी मी स्वतःच लाल बटण दाबलं.

म्हणजे कंट्रोल-सी ही काही बंद करायची पद्धत नव्हे, तो टेबलावरचा शॉर्टकट आहे. ट्रॉलीवरच बंद करायची सोय पाहिजे, आणि कोणीही न सांगता सगळं मेलं तरी चाकं थांबलीच पाहिजेत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही पाहिजेत.

वॉचडॉग चालू केला, २५० मिलिसेकंद. कमांड २० हर्ट्झने जातात म्हणजे दर ५० मिलिसेकंदाला एक, पाच सलग चुकल्या की बोर्ड स्वतः थांबवतो. एकदम ब्रेक नाही लावला, ०.८ मीटर पर सेकंद स्क्वेअरच्या दराने उतरता स्पीड ठेवला, कारण वर ८० किलोचे क्रेट असतात, ते पुढे घसरतात. हिशोब असा, २५० मिलिसेकंदात १५ सेंटीमीटर जाणार आणि थांबायला अजून साडेबावीस. खडूने रेघ मारून मोजपट्टी लावली, दहाही वेळा ३५ ते ४० च्या मधेच आलं. हिशोब जमला की बरं वाटतं.

९ जून, सोमवार

आज अख्खा दिवस गेला आणि शेवटी कारण तेच निघालं, नीट बंद न केलेलं काहीतरी.

सकाळपासून ओडोमेट्री (चाकांच्या फिरण्यावरून काढलेली ट्रॉलीची जागा) उड्या मारत होती. ट्रॉली सरळ जातीये आणि स्क्रीनवर ती मधेच जागच्या जागी अडकते, मग एकदम पुढे दिसते. मोटर नोडच्या लॉगमधे चेकसम (निरोप शाबूत आला का ते तपासायचा आकडा) चुकल्याच्या ओळींवर ओळी. आम्ही आधी केबल बदलली, मग अर्थिंग बघितलं, मग एन्कोडर उघडला. दुपारी चहाला बसल्यावर ज्युनिअर मुलगी म्हणाली, सर, नोडची लिस्ट काढली की एकाच नावाचे दोन नोड असल्याची वॉर्निंग येतीये, ती चालते का? नाही, अजिबात चालत नाही.

शनिवारी संध्याकाळी लॉन्च (सगळे नोड एकदम चालू करणारा प्रोग्राम) अडकलं म्हणून कोणीतरी किल मायनस नऊ (प्रोसेस जबरदस्तीने मारायची कमांड) मारलं होतं. पण ते मारलं लॉन्चला. लॉन्च मेलं, त्याने उभे केलेले नोड जिवंतच राहिले, त्यांना मारायला कोणी उरलंच नाही. आज परत लॉन्च केलं तेव्हा दुसरा मोटर नोड उभा राहिला आणि दोघं एकाच सिरियल पोर्टवर. लिनक्स असा पोर्ट दोघांना उघडू देतं, स्वतःहून अडवत नाही. बोर्डकडून येणारे बाईट मग अर्धे याला अर्धे त्याला, पूर्ण निरोप कोणालाच मिळत नाही, म्हणून दोघांचा चेकसम चुकतो.

दोन बदल केले. मोटर नोड पोर्ट उघडतानाच तो एकट्यासाठी लॉक करतो, दुसरा आला तर त्याला उघडताच येणार नाही, आणि तो स्पष्ट एरर देऊन बाहेर पडतो. दुसरं, किल मायनस नऊ शेवटचा उपाय म्हणूनच, आणि मारायचंच तर आधी पीएस कमांडने बघायचं की खाली कोण कोण आहे.

किल मायनस नऊ म्हणजे सिगकिल हा सिग्नल, तो प्रोसेसला कळतच नाही, ती काहीच करू शकत नाही, कर्नल तिला सरळ उचलून टाकतो. सिगइंट नंबर २ (कंट्रोल-सीने हाच जातो) आणि सिगटर्म नंबर १५, हे दोन पकडता येतात, त्यात निरवानिरव करायला वेळ मिळतो. मला हा शब्द या कामाला फार चपखल वाटतो, तेव्हापासून आम्ही कोडमधल्या कॉमेंटमधे पण निरवानिरवच लिहितोय.

१० जून, मंगळवार

संध्याकाळी सहाला मामा लेथ बंद करत होते, आज मुद्दाम उभा राहून बघितलं. आधी टूल जॉबपासून मागे घेतलं. मग स्पिंडल थांबवला आणि चक पूर्ण उभा राहीपर्यंत हात बाजूला. कूलंटचा पंप बंद. कॅरेज टेलस्टॉकच्या बाजूला सरकवली, ब्रशने बेडवरचा चुरा काढला, तेलाचं फडकं फिरवलं. लिव्हर न्यूट्रलला. मग मेन स्विच. मी विचारलं हाच क्रम का, तर म्हणाले, "अरे, उद्या सकाळी जो पहिला हात लावेल त्याला काही विचारायला लागू नये." आणि जाताना दाराशी म्हणाले, चला, दुकान वाढवा. आपल्याकडे दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात, त्यात उद्या परत उघडायचंय हे गृहीतच असतं.

घरी जाताना नाशिक फाट्यापर्यंत डोक्यात तेच. आमच्या ट्रॉलीला असा क्रमच नाही. लॉन्च सगळ्या नोडना एकदम सिगइंट देतं, कोण आधी जाईल ते नशिबावर. मोटर नोड आधी गेला तर प्लॅनर कोणाला थांब म्हणणार?

रात्री आयईसी ६०२०४-१ (मशीनच्या विजेच्या सुरक्षेचं स्टँडर्ड) मधले थांबायचे प्रकार परत काढून वाचले. कॅटेगरी ० म्हणजे तडक वीज काढून घेणं. कॅटेगरी १ म्हणजे आधी ताब्यात ठेवून थांबवणं आणि थांबल्यावर वीज काढणं. कॅटेगरी २ म्हणजे ताब्यात थांबवून वीज तशीच ठेवणं. इमर्जन्सी स्टॉपला आयएसओ १३८५० नुसार ० किंवा १ च चालतं. आमचं लाल बटण रिले थेट पाडतं, ते ० आहे आणि ते तसंच राहणार, सॉफ्टवेअर त्याच्या जागी कधीच येणार नाही. पण रोजचं बंद करणं म्हणजे अगदी मामांची पद्धत, कॅटेगरी १, आणि आपण आजवर ते कॅटेगरी ० सारखं करत होतो.

१३ जून, शुक्रवार

क्रम बसवायला सुरुवात. नॅव्ह टूचे (रॉसचं नॅव्हिगेशन पॅकेज) नोड लाईफसायकलवाले, म्हणजे टप्प्याटप्प्याने चालू-बंद होणारे असतात, त्यांना एकदम मारायचं नाही, आधी डीअ‍ॅक्टिव्हेट, मग क्लीनअप, मग शटडाऊन असं उतरवायचं, आणि त्याचा लाईफसायकल मॅनेजर हे ज्या क्रमाने वर आणलं त्याच्या उलट क्रमाने करतो. म्हणजे अर्धं काम तयारच होतं, आम्ही वापरत नव्हतो. आमचे स्वतःचे मोटर नोड आणि क्रेट उचलायचा नोड पण लाईफसायकलमधे बदलायला घेतले, मोटरचं नाव यादीत सगळ्यात पहिलं, म्हणजे उतरताना सगळ्यात शेवटी.

आता आजचा मुख्य शोध, हा नीट लिहितो कारण यात मी साडेतीन तास घालवलेत. आमच्या मार्ग ठरवणाऱ्या नोडच्या डिस्ट्रक्टरमधे (नोड संपताना शेवटी चालणारा कोड) शून्य वेगाचा मेसेज पब्लिश करायची ओळ आधीपासून आहे. म्हणजे ३ तारखेला सुद्धा होती! मग गेला का नाही मेसेज? प्रिंट टाकून बघितलं, ती ओळ चालते. एरर नाही, एक्सेप्शन नाही. दुसऱ्या टर्मिनलवर टॉपिक (नोड एकमेकांना मेसेज पाठवतात तो मार्ग) ऐकत बसलो, तिथे काही येत नाही.

रॉसच्या सी प्लस प्लस लायब्ररीचा सोर्स उघडल्यावर कळलं. सिगइंट आला की रॉसचा स्वतःचा हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) आधी कॉन्टेक्स्ट, म्हणजे नोडचा रॉसशी असलेला जोड, बंद करतो, त्यामुळे स्पिन (मेसेजची वाट बघणारा लूप) संपतं, मग मेन संपतं, मग आपला डिस्ट्रक्टर चालतो. तोपर्यंत कॉन्टेक्स्ट गेलेला असतो, आणि पब्लिशच्या आत सरळ लिहिलंय की कॉन्टेक्स्ट बंद असेल तर गुपचूप परत फिर. म्हणजे आपला शून्याचा मेसेज दारातूनच परत येत होता आणि आपल्याला सांगणारं कोणी नव्हतं. गेले आठ महिने ती ओळ कोडमधे आहे आणि आम्ही सगळे तिच्या भरवशावर होतो.

उपाय दोन. कॉन्टेक्स्टला प्री-शटडाऊन कॉलबॅक लावता येतो, तो कॉन्टेक्स्ट बंद व्हायच्या आधी चालतो, तिथे शून्य पाठवलं की जातं. आणि मोटर नोडने टॉपिकवर अवलंबूनच राहायचं नाही, त्याच्या हातात सिरियल पोर्ट आहे, जाता जाता थांबायची फ्रेम पोर्टवर स्वतः लिहायची, पोर्टला कॉन्टेक्स्टशी काही देणंघेणं नाही. दोन्ही केले. कंट्रोल-सी दाबल्यावर आता वॉचडॉगची वाट न बघता ट्रॉली लगेच उतरत्या स्पीडने थांबते, साधारण पंचवीस सेंटीमीटर.

पायथनमधल्या नोडना वेगळाच त्रास होता, शेवटी शटडाऊन बोलावलं की आधीच शटडाऊन झालंय म्हणून लाल एरर. तिथे ट्राय-शटडाऊन टाकलं, शांत झालं. एरवी दुर्लक्ष केलं असतं पण रोज खोटी लाल अक्षरं बघायची सवय लागली की खरी पण दिसत नाहीत.

१७ जून, मंगळवार

बॅग फाईल, म्हणजे रॉसच्या मेसेजचं रेकॉर्डिंग. गेल्या आठवड्याचं एक चांगलं रेकॉर्डिंग उघडत नव्हतं. हंबलमधे रॉसबॅग डीफॉल्टने एसक्यूलाईट फाईल करतं आणि मेटाडेटाची छोटी फाईल रेकॉर्डिंग बंद होताना लिहितं, रेकॉर्डर मारला गेला तर ती फाईल नाहीच. रीइंडेक्स मारून परत मिळाली, डेटा शाबूत होता. रेकॉर्डरला पण पुरेसा वेळ द्यायचा एवढंच.

किल मायनस नऊमुळे शेअर्ड मेमरीत फास्ट डीडीएसच्या (रॉसचे मेसेज पोचवणारी लायब्ररी) फाईली पण साचल्या होत्या, त्याच्याच क्लीन कमांडने साफ केल्या.

२० जून, शुक्रवार

दोन्ही पालख्या आज पुण्यात येतायत, दिघी रोड बंद, म्हणून घरून काम. आई सकाळीच विश्रांतवाडीला दर्शनाला गेलीये, मी लॅपटॉपवर कंटेनर घेऊन बसलोय.

ट्रॉलीवर शेवटी सगळं डॉकरमधे, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या बंद डब्यात चालणार. डॉकर स्टॉप मारलं की दर वेळी बरोब्बर दहा सेकंद लागतात. ना नऊ, ना अकरा. इतकी गोल वेळ आली की समजायचं काम झालं म्हणून बंद झालेलं नाही, कोणीतरी घड्याळ लावून मारलंय. डॉकर आधी सिगटर्म देतं, १० सेकंद थांबतं आणि मग सिगकिल. एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ अधिक ९.

सिगटर्म मग जातो कुठे? कंटेनरच्या एंट्रीपॉईंटच्या स्क्रिप्टमधे शेवटच्या ओळीत लॉन्च सरळ चालवलं होतं, पुढे एक्झेक (स्क्रिप्टच्या जागी थेट तो प्रोग्रामच बसवणारा शब्द) नव्हतं. त्यामुळे पीआयडी १ (कंटेनरमधली पहिली प्रोसेस) म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा बॅश होतो आणि लॉन्च त्याचं पोर. बॅश आलेला सिग्नल खाली देत नाही, आणि पीआयडी १ असल्यामुळे स्वतः पण मरत नाही, कारण हँडलर लावला नसेल तर कर्नल पीआयडी १ ला असे सिग्नल लागूच करत नाही. रॉसच्या अधिकृत इमेजच्या स्क्रिप्टमधे शेवटी एक्झेक आहे, आम्ही आमची स्क्रिप्ट लिहिताना तो एक शब्द सुटला.

एक्झेक टाकलं, डॉकरफाईलमधे स्टॉपसिग्नल सिगइंट केला, कंपोजमधे थांबायची मुदत १० ची २५ सेकंद केली. मुदत वाढवायचं कारण, लॉन्चच्या आतली पायरी अशी आहे: सिगइंट दिल्यावर ५ सेकंद वाट, मग सिगटर्म, परत ५ सेकंद, मग सिगकिल. म्हणजे आतल्यालाच दहा लागू शकतात, आणि बाहेरच्याने पण दहालाच मारलं तर आतल्याची पायरी पुरी कशी होणार. बाहेरची मुदत नेहमी आतल्यापेक्षा मोठी पाहिजे. आता बंद व्हायला ३ सेकंद, एक्झिट कोड शून्य. दुपारी आई आली, ओल्या साडीनेच म्हणाली माउलींची पालखी अगदी समोरून गेली. चांगला दिवस.

२४ जून, मंगळवार

शेडमधे डॉकरशिवाय टीमक्समधे (टर्मिनल उघडं ठेवणारा प्रोग्राम) चालवलं तर मात्र परत पाच सेकंद लागतात. आमची बंद करायची स्क्रिप्ट लॉन्चच्या पीआयडीला सिगइंट पाठवते. लॉन्च टर्मिनलवर चालू असेल तर ते असं धरतं की माणसाने कंट्रोल-सी दाबलाय, म्हणजे टर्मिनलने सगळ्या ग्रुपलाच सिगइंट दिला असणार, म्हणून ते स्वतः पोरांना देत नाही. पण आपण दिलाय फक्त एकट्या लॉन्चला. मग नोड तसेच चालत राहतात, पाच सेकंदांनी त्यांना थेट सिगटर्म. नॉनइंटरॅक्टिव्हचा पर्याय लावला की लॉन्च स्वतः सगळ्यांना सिगइंट देतं. डॉकरमधे टर्मिनल नसतं म्हणून तिथे हे आपोआप होत होतं.

बारकोडचा नोड तरी दहा सेकंद घेतोच. त्याचा थ्रेड सिरियल रीडवर बसलेला असतो आणि रीडला टाईमआऊट नाही, समोरून बारकोड आला तरच तो उठणार, आणि डिस्ट्रक्टर त्या थ्रेडची वाट बघत उभा. सिगटर्मने पण सुटत नाही कारण रॉस त्याला पण तोच हँडलर लावतं. ज्युनिअरने शोधलं आणि तिनेच सोडवलं, पोर्टच्या सेटिंगमधे व्हीमिन ० आणि व्हीटाईम १, व्हीटाईमचं एकक एक दशांश सेकंद असतं, म्हणजे रीड दर १०० मिलिसेकंदाला सुटतो, फ्लॅग बघतो, जायचं असेल तर जातो. तीन ओळींचा बदल. मी तिला म्हटलं हा तू एकटीने शोधलायस, कमिट तुझ्या नावाने टाक.

२८ जून, शनिवार

पन्नास वेळा चालू-बंद. ट्रॉली चालती ठेवून, वेगवेगळ्या पद्धतीने: कंट्रोल-सी, डॉकर स्टॉप, चावीचा स्विच, मोटर नोडला एकट्याला किल मायनस नऊ, मिनी पीसीची केबल ओढून. प्रत्येक वेळी तीन गोष्टी बघितल्या, किती अंतरात थांबली, मागे एखादी प्रोसेस उरली का, बॅग उघडते का.

केबल ओढलेल्या दहापैकी दहा वेळा ४० सेंटीमीटरच्या आत थांबली, ते फक्त वॉचडॉगमुळे. दोनदा बॅगला रीइंडेक्स लागलं, ते चालेल. बाकी चाळीसात मागे काही उरलं नाही.

चावीच्या स्विचचं राहिलं लिहायचं. आधी तो बॅटरी सरळ तोडायचा. आता चावी फिरवली की मिनी पीसीच्या एका पिनला कळतं, तो पॉवरऑफ सुरू करतो, सिस्टमडी (उबंटूत सेवा चालू-बंद करणारा प्रोग्राम) डॉकर उतरवतं, आणि टायमर रिले ४५ सेकंदांनी बॅटरी तोडतो. २५ कंटेनरची, उरलेले २० उबंटूला. घाईत असतील तर लाल बटण आहेच.

२ जुलै, बुधवार

चाकण. सकाळी सातला निघालो, तळवडे चौकात पाऊस आणि ट्रक, पोचायला पावणेदोन तास. डेमो चांगला झाला, त्याचं वेगळं लिहीन.

शेवटी तिथल्या ऑपरेटर काकांना चावी दिली आणि म्हटलं तुम्ही बंद करा. त्यांनी चावी फिरवली आणि हात तसाच चावीवर ठेवून दिव्याकडे बघत राहिले. आधी चाकांचा आवाज उतरला, मग लायडर फिरायचा थांबला, मग पंखा, मग काही वेळ काहीच नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं थांबा. हिरवा दिवा गेला आणि रिलेचा टक असा आवाज आला. "झालं?" म्हणाले. झालं.

ते मधलं शांत अंतर लांब वाटतं, तिथे माणूस परत चावी फिरवणार. म्हणून चावीशेजारी स्टिकर लावायचं ठरलं, "दिवा जाईपर्यंत थांबा". मामांना फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाले दिवा जाईपर्यंत नको लिहू, मालवेपर्यंत लिही. स्टिकरवाल्याला तसंच पाठवलंय, उद्या संध्याकाळी मिळेल.

शिल्लक: बंद होत असताना दिवा लुकलुकायला लावणे. लायडरची मोटर ड्रायव्हर मारला गेल्यावर फिरतच राहते, तिची वीज मोटर रिलेवर घ्यायची का ते बघणे.